सरकत्या दाराचे कपाट : कुरवंड्याच्या पावसाने शिकविलेला धडा

कुरवंडे हे आमचे गाव. लोणावळ्याहून नागफणीच्या कड्याकडे निघाले की शिवाजी नौदल तळाच्या पुढे लागते. पावसाळ्यात आमच्याकडे धुके घरात शिरते. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोणावळ्याच्या या पट्ट्यात 4,000 मिलिमीटरहून अधिक. भिंतीला ओल, उशीला ओल, आणि पेटीत ठेवलेल्या पुस्तकांनाही ओल. आषाढात पेटी उघडली की बुरशीचा वास यायचा. कधी पानाला पान चिकटलेले असायचे.

आमच्या घरी पुस्तके बरीच. मुलीची शाळेची, आमची बी. कॉम.ची जुनी, आणि चळवळीत काम करताना जमलेली. घर मात्र दोन खोल्यांचे. पत्नीने बरेच दिवस लकडा लावला होता, "अहो, एक कपाट करा. पण दार उघडायला जागा नाही, एवढं ध्यानात ठेवा." त्यांचे खरे होते. बिजागरीचे दार उघडले तर ते थेट पलंगावर आपटणार. म्हणून सरकत्या दाराचे ठेंगणे, लांबट कपाट करावे असे ठरले. वर टी.व्ही. राहील आणि खाली पुस्तके व कागदपत्रे.

तयार कपाटाच्या किमती ऐकून आम्ही दुकानातून मुकाट्याने परत आलो. मग एप्रिल 2023 मध्ये प्रत्येक रविवारी आम्ही, मुलगी आणि ओळखीचे एक सुतारमामा असे मिळून कामाला लागलो. मे महिन्यात कपाट उभे राहिले. दारे आंब्याच्या फळ्यांची केली होती. फळ्या आडव्या ठेवून, एकीला एक घट्ट चिकटवून, वर-खाली लाकडी पट्ट्यांच्या खाचेत बसविल्या. बोटाने ढकलले की दार सरकायचे. सुतारमामा म्हणाले होते, "साहेब, थोडी ढिलाई ठेवा. पाऊस यायचाय." पण फट दिसली तर शोभा जाईल म्हणून आम्ही ऐकले नाही. चूक आमची.

जुलै उजाडला. मुलीचा आय.टी.आय. प्रवेशासाठी कागद तपासणीचा दिवस. सकाळी सातला निघायचे होते. गुणपत्रिका, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सर्व काही त्या कपाटात. आणि दार हलेना. आम्ही ढकलले, पत्नीने ढकलले, शेजारच्या दादांना हाक मारली. मुलीच्या डोळ्यात पाणी आले. "पप्पा, आजचा दिवस गेला तर?" एवढेच ती म्हणाली. आम्ही पटाशी आणि हातोडी घेतली आणि महिनाभर घाम गाळून केलेले दार पाच मिनिटांत फोडले. कागद मिळाले, गाडी मिळाली, प्रवेशही झाला. पण त्या रात्री फुटक्या दाराकडे पाहताना आम्हांला झोप आली नाही. दहा वर्षांच्या शिक्षणाचे कागद आम्हीच अडकवून ठेवले होते.

असे का झाले? लाकूड हवेतली ओल पिते आणि फुगते. पण ते सगळीकडे सारखे फुगत नाही. रेषांच्या लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत मात्र पडतो. आमच्या फळ्या आडव्या होत्या, म्हणजे त्यांची रुंदी दाराच्या उंचीत मोजली गेली. सात फळ्या थोड्या थोड्या फुगल्या आणि सर्वांची वाढ एकत्र होऊन दार वरच्या व खालच्या खाचेत पाचरीसारखे बसले. शिवाय आम्ही माप घेतले ते मे महिन्यात, लाकूड अगदी सुकलेले असताना.

पावसाळा सरल्यावर आम्ही दारांची पद्धतच बदलली. मोठ्या गोडाऊनचे दार आपण पाहिले असेल. ते खालच्या खाचेत चालत नाही; वरच्या लोखंडी पट्टीवर चाकांना लटकते. परदेशात शेतावरच्या गवताच्या कोठारांना अशीच दारे असतात. लटकलेले दार दोन्ही अंगांनी मोकळे राहते. फुगले तरी अडत नाही. तीच युक्ती आम्ही लहान प्रमाणात केली. ज्यांना करावयाचे आहे त्यांच्यासाठी मापे देतो.

सांगाडा प्लायवूडचा. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटविलेले असतात, म्हणून ते लाकडापेक्षा कमी फुगते. मात्र साधे एम. आर. जातीचे न घेता बी. डब्ल्यू. आर. जातीचे घ्यावे, त्याचा चिकटा ओलीत अधिक टिकतो. आठ बाय चार फुटांचा, सहा सुती जाडीचा एकच तक्ता पुरतो. आठ सूत म्हणजे एक इंच, हे लक्षात असू द्यावे. तक्त्याच्या 15 इंच रुंदीच्या तीन लांब पट्ट्या पाडाव्यात. पहिलीतून वरची फळी 60 इंच आणि एक बाजू 28 इंच. दुसरीतून तळ साडे 58 इंच आणि दुसरी बाजू 28 इंच. तिसरीतून सव्वा 27 इंचांचे दोन उभे पडदे आणि 19 इंचांचे दोन कप्पे. असे 19 इंचांचे तीन खण होतात. खण लहान ठेवण्याचे कारण म्हणजे पुस्तकांचे वजन. लांब फळी पुस्तकांनी मध्येच वाकते.

जोडणी करताना आधी भोक पाडून मगच स्क्रू पिळावा, नाही तर प्लायवूडची कड फाटते. पेटी काटकोनात आहे की नाही हे पाहायला मोठा गुण्या नसेल तर पाठीमागून दोन्ही कर्ण मोजावेत. आमच्या मापात दोन्ही साधारण साडे 66 इंच आले पाहिजेत. सारखे आले की पेटी सरळ. मग पाठीला 6 मिलिमीटरचे प्लायवूड मारावे आणि त्यास हवेसाठी भोके ठेवावीत. खाली चार इंचांचे पाय द्यावेत. भिंतीपासून दोन इंच अंतर ठेवावे. ओल बहुतेक फरशीतून आणि भिंतीतून येते.

दारांसाठी जुन्या खिडक्यांच्या सागवानी फळ्या भंगारवाल्याकडून घेतल्या. जुना साग सुकून स्थिर झालेला असतो. चार इंच रुंदीच्या पाच उभ्या फळ्या, दोन फळ्यांत एक सुताची फट, मागून दोन आडव्या पट्ट्या. एक दार साडे 20 इंच रुंद आणि साडे 24 इंच उंच झाले. ती फट मुद्दाम ठेवायची. पावसाळ्यात फळी त्या फटीत फुगते आणि दार मोठे होत नाही. मागच्या पट्टीला फेव्हिकॉल लावू नये, फक्त स्क्रू, प्रत्येक फळीच्या मध्यभागी. चिकटवले तर फळीला हलायला जागा राहत नाही आणि ती तडकते.

फॅब्रिकेशनवाल्याकडून सव्वा इंच रुंदीची लोखंडी पट्टी आणि दीड इंचाची चार खाचेची चाके करून घेतली. पट्टी वरच्या फळीच्या खाली अडीच इंचांवर, मागे पाइपचे तुकडे घालून, दोन्ही बाजू व दोन्ही पडद्यांना स्क्रूने आवळली. ती पाणसळीने अगदी सपाट लावावी, नाही तर दार आपोआप उताराला पळते. पट्टीच्या दोन्ही टोकांना अडसर आणि खाली दार झुलू नये म्हणून लहानसा लोखंडी कोन. दारे दोन, खण तीन. त्यामुळे एक खण नेहमी उघडा राहतो, आणि तिथे रोजची पुस्तके ठेवता येतात. शेवटी सर्व कडांना, विशेषतः तळाच्या आणि आतल्या कडांना, वॉर्निशचे दोन हात दिले. कडेतूनच पाणी सर्वाधिक शिरते.

एक सूचना विसरू नये. लहान मुले असली तर कपाट मागून भिंतीला दोन जागी पक्के करावे. मुले कप्प्यावर पाय देऊन चढतात, आणि वर टी.व्ही. असतो.

आमच्या वहीतला हिशोब असा : प्लायवूड 3,100, सागवान 1,500, लोखंडी काम 900, पाठीचे प्लायवूड 600, स्क्रू व फेव्हिकॉल 450, वॉर्निश 350, एकूण 6,900 रुपये. फोडलेल्या आंब्याच्या दारांचा खर्च यात धरलेला नाही. तो शिकवणीचा!

घरात जागा कमी असली तरी पुस्तकांना जागा असावी. बाबासाहेब परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत राहिले, आणि पुढे 1930 नंतर दादरला 'राजगृह' बांधले ते ग्रंथसंग्रह ठेवण्याचा विचार करूनच. 1917 साली विलायतेहून परतताना त्यांनी दुसऱ्या बोटीने पाठविलेली पुस्तके बोट बुडाल्याने गेली. तो तोटा त्यांना किती लागला असेल! आपण तर ओलीने आणि उंदराने पुस्तके गमावतो, आणि ती वाचविणे आपल्या हातात असते.

2024 आणि 2025 असे दोन पावसाळे गेले. दारे एकदाही अडली नाहीत. मुलगी मागच्या आषाढात एका बोटाने दार सरकवून म्हणाली, "पप्पा, आता पटाशी लागणार नाही." तरीही कागदपत्रे आम्ही आता एका पत्र्याच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, त्या नेहमी उघड्या राहणाऱ्या खणात ठेवतो. आणि सुतारमामांनी सांगितलेले ऐकतो.