फिंच पक्ष्यांचा जिवंत चारा : कमी भांडवलाचा जोडधंदा

पिंजऱ्यातील पक्ष्यांचा शौक आपल्या मोहल्ल्यांत नवा नाही. पूर्वी लाल मुनिया आणि पोपट घरोघर दिसत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे देशी पक्षी पकडणे, पाळणे व विकणे आज गुन्हा आहे आणि आपल्या माणसांनी त्या वाटेला जाऊच नये. त्यांची जागा झेब्रा फिंच, बेंगाली फिंच, गोल्डियन अशा पिंजऱ्यातच पैदास होणाऱ्या परदेशी जातींनी घेतली आहे. राळे-बाजरी विकणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत. परंतु पिल्लांच्या दिवसांत लागणारा जिवंत किडा बारमाही मिळेल, असा भरवशाचा पुरवठादार शोधावा लागतो. धंद्याची जागा इथे आहे.

आधी गरज समजून घ्यावी. झेब्रा आणि बेंगाली फिंच उकडलेले अंडे व भिजवून मोड आणलेले धान्य यांवरही पिल्ले वाढवतात. त्यांना किडा मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी अडत नाही. कॉर्डन ब्ल्यूसारख्या नाजूक जाती मात्र किड्यांवाचून पहिल्या आठ-दहा दिवसांत पिल्ले टाकून देतात. महागड्या जोड्या पाळणारा हाच आपला खरा गिऱ्हाईक. याशिवाय मोठे मासे पाळणारेही किडे नेतात, म्हणून मत्स्यालयाच्या दुकानदारांशी ओळख ठेवावी.

किडा कोणता? मीलवर्म. ही पिठातील एका काळ्या भुंगेऱ्याची पिवळी अळी. ताज्या अळीत सुमारे १८ ते २० टक्के प्रथिने व १३ टक्के चरबी असते, बाकी बहुतेक पाणी. काही दुकानदार फिंचसाठी सुपरवर्म गळ्यात मारतात. तो जाडजूड असतो, फिंचच्या चोचीचा नव्हे. रस्त्यावरच्या दिव्याखालचे, शेतातले किंवा वारुळातले किडे गोळा करून देणे तर धोक्याचेच. त्यांवर कोणते औषध फवारले आहे, कोण सांगणार?

पालनाची रीत सोपी आहे. गुळगुळीत कडांच्या प्लॅस्टिकच्या टबात दोन-तीन इंच गव्हाचा कोंडा घालावा. कोंडा दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावा किंवा भाजून थंड करावा, म्हणजे त्यातील परकी कीड मरते. पाण्यासाठी वाटी ठेवू नये. गाजराच्या किंवा बटाट्याच्या फोडी पुरतात, त्या सुकल्या की बदलाव्यात. तोंडाला जुन्या मलमलीचा तुकडा बांधावा. आपल्या कापडवाल्यांकडे तुकड्यांना तोटा नाही. २५ ते २८ अंश उष्णता असेल तर अंडे एक-दोन आठवड्यांत फुटते, अळी अडीच-तीन महिने वाढते, कोष एक ते तीन आठवड्यांत भुंगेरा होतो आणि भुंगेरा दोन-तीन महिने जगून अंडी घालीत राहतो. फिंचला लहान अळी लागते, त्यामुळे माल लवकर विक्रीला येतो. नुकतीच कात टाकलेली पांढरी अळी मऊ असते. ती आधी वेगळी काढावी.

भुंगेरे आणि अळ्या स्वतःचीच अंडी व कोष खातात. म्हणून कोष निवडून वेगळे ठेवावेत आणि भुंगेरे चाळणीने चाळून दर दहा-पंधरा दिवसांनी नव्या टबात घालावेत. टबावर तारीख लिहावी. हे न करणाऱ्यांचा माल दोन-तीन महिन्यांत आटतो आणि मग तो म्हणतो, धंद्यात बरकत नाही.

आपल्या हवेत दोन संकटे. पावसाळ्यात कोंड्याला बुरशी लागते. तेव्हा फोडी कमी द्याव्यात. उन्हाळ्यात गर्दीच्या टबात अळ्यांच्या हालचालीनेच उष्णता चढते, आणि पत्र्याच्या छपराखाली अख्खा टब एका दुपारीत मरतो. थर पातळ ठेवावा. तिसरी गोष्ट छातीची. चाळताना उडणाऱ्या विष्ठेच्या भुकटीने काहींना दमा व ॲलर्जी होते. लूमच्या तुसाने ज्यांची छाती आधीच धरली आहे त्यांनी तोंडाला कापड बांधून मोकळ्या हवेत चाळावे; बरे तर हे काम घेऊच नये. किराणा किंवा पिठाच्या गिरणीशेजारी टब ठेवू नयेत, कारण हा भुंगेरा साठवलेल्या धान्याचाही शत्रू आहे.

किडे विकणे जायज आहे काय, असा प्रश्न काही बांधव विचारतात. प्रश्न योग्य आहे. कापडाच्या धंद्यातल्यांना हा मसला रेशमाच्या किड्यावरून माहीत असेल. 'हिदाया' या हनफी ग्रंथात त्यावर इमामांचे मतभेद नोंदले आहेत : इमाम अबू हनीफा यांनी त्याची विक्री मना केली, तर इमाम मुहम्मद यांनी फायद्याची वस्तू म्हणून परवानगी दिली. कोकणातील शाफई बांधवांनी आपल्या मसलकाचे मत घ्यावे. मीलवर्मसंबंधी स्थानिक मुफ्तीसाहेबांना विचारून मगच माल बाजारात न्यावा.

आता भांडवल. दोन-चारशे अळ्या, दोन टब, पाच किलो कोंडा एवढ्यावर सुरुवात होते. व्याजी कर्जाची गरजच नाही. 'आमच्याकडून बीज घ्या, तयार माल आम्हीच परत विकत घेऊ' असे सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. २०१२ च्या सुमारास एमू पालनात आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीत असल्याच बोलीवर असंख्य कुटुंबे बुडाली. आधी चार दुकानदारांकडे जाऊन आठवड्याला किती खपते ते विचारा, त्याच्या निम्म्यानेच सुरुवात करा.

शंभर ग्रॅममध्ये मोठ्या अळ्या साधारण आठशे ते हजार बसतात, लहान पुष्कळ जास्त. म्हणून दर ठरवताना नगावर की वजनावर, हे आधी बोलून घ्यावे. गिऱ्हाइकाला दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. एका पक्ष्याला दिवसाला तीन-चार लहान अळ्या पुरे, जास्तीने चरबी चढते. आणि मीलवर्ममध्ये कॅल्शियम फार कमी, म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेन हवेच. कोकणच्या किनाऱ्यावर माकुळाचे हे पांढरे हाड वाहून येते. धुऊन, उन्हात वाळवून अळ्यांच्या डब्याबरोबर तेही विकता येते. डब्याच्या झाकणाला बारीक भोके पाडून, आत मूठभर कोंडा घालून माल पहाटेच्या एसटीने पाठवावा, दुपारच्या नव्हे.