दुकानदाराचे नाणे, दुकानदाराची पत

राज्याने नाणे पाडावे आणि व्यापाऱ्याने ते चालवावे, हा व्यवहाराचा रूढ क्रम. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) हा क्रम उलटला. तेथे व्यापाऱ्यांनीच नाणी पाडली, आणि त्यांचे नमुने आज संग्राहक हौसेने जमवितात.

युद्धाच्या धास्तीने लोकांनी प्रथम सोने-चांदी दडविली. १८६२च्या उन्हाळ्यापर्यंत एक सेंटची नाणीही बाजारातून दिसेनाशी झाली. गिऱ्हाइकाला सुटे द्यावयाचे कोठून? टपालाची तिकिटे देऊन पाहिली. पण ती मळत, एकमेकांस चिकटत. जॉन गॉल्ट याने तिकीट पितळी चकतीत बसवून वर अभ्रकाचे आवरण दिले. अखेर उत्तरेकडील अनेक दुकानदारांनी सेंटच्याच आकाराच्या, बहुधा तांब्याच्या चकत्या पाडून घेतल्या. अशा सुमारे अडीच कोटी चकत्या निघाल्या असाव्यात, असा अंदाज आहे.

काहींवर ध्वज व देशभक्तीची वचने असत, तर काहींवर दुकानाचे नाव, गाव व धंदा. किराणा व्यापारी, औषधविक्रेते, दंतवैद्य अशी सारी बाजारपेठच त्यांत उमटली आहे. काही चकत्यांवर ‘एक सेंट’ ही अक्षरे ठसठशीत, आणि त्यांवरचा ‘नव्हे’ हा शब्द मात्र अगदी बारीक! कायद्यातून निसटण्याची ही युक्ती होती.

या चकतीचे मोल धातूत नव्हते. ते देणाऱ्याच्या पतीत होते. न्यूयॉर्कचा मद्यविक्रेता गुस्ताव लिंडनम्युलर याने दहा लाखांहून अधिक चकत्या बाजारात आणल्या. ट्राम चालविणाऱ्या एका कंपनीने आपल्याकडे साचलेल्या चकत्यांचे पैसे मागताच त्याने नकार दिला, असे सांगितले जाते. १८६४ साली सरकारने कायदे करून खासगी नाण्यांना मनाई केली.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही मोड दुर्मीळ झाली. धातू वाचविण्यासाठी १९४३मध्ये मध्ये भोक असलेला पैसा निघाला. मोरवी, जुनागढ यांसारख्या संस्थानांनी कागदी कुपने काढली. घरातील जुन्या पेटीत असे काही सापडल्यास ते घासूनपुसून चकचकीत करू नये. त्याने मूळ झळाळी व मोल दोन्ही जातात. ते कोरड्या जागी वेगळे ठेवावे आणि ते कोणाकडून, कोठून आले, हे वडीलधाऱ्यांना विचारून सोबत लिहून ठेवावे. धातू पुढेही टिकेल. त्यामागची माणसे आणि त्यांची पत मात्र लिहून ठेवली तरच पुढील पिढीला कळेल.