लेण्यातल्या शेजारणी

नाशिकमध्ये राहून पांडवलेणी न पाहिलेली बाई सापडणं अवघड. आणि नीट पाहिलेली सापडणं त्याहून अवघड! शाळेची सहल, लग्नानंतरचं पहिलं फिरणं, पाहुण्यांना दाखवायला नेणं, यात लेणी होऊन जातात. बुद्धमूर्तीपाशी फोटो काढायचा, ‘कित्ती गार वाटतं नाही आत’ म्हणायचं आणि उतरायचं. आम्हीही इतकी वर्षं तेच करत होतो.

यंदा दिवाळीच्या आधीची भिशी हॉटेलात नको, लेण्यांवर करू, असं आमच्या लायब्ररीवालीनं सुचवलं. (नावं कुणाची घेत नाही, भिशीचा नियमच आहे.) दुपारी घरची कामं आटोपून चारच्या सुमारास निघायचं, अंधार पडायच्या आत खाली यायचं आणि खाणंपिणं पायथ्याशी. आम्ही सहाजणी. त्यात एक बँकेतून निवृत्त झालेली, एक शिक्षिका आणि सगळ्यांत वडील आमच्या ताई. ताई येतील की नाही शंकाच होती. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा गेला, तेव्हापासून त्या कुठे फारशा येत नाहीत. पण आल्या. पिशवीत कोंडाजीचा चिवडा घेऊन आल्या.

फाळके स्मारकापाशी रिक्षा सोडल्या. पायऱ्या दोनशेच्या आसपास. निम्म्यावर बँकवालीनं बसकण मारली. ‘पांडव होते म्हणून जमलं, आपलं काम नाही गं हे!’ त्यावर लायब्ररीवालीनं लगेच दुरुस्ती केली. पांडवांचा इथे काही संबंध नाही. ही बौद्ध लेणी. इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून पुढे तीनेकशे वर्षं कोरली गेली, त्यानंतरही त्यांत मूर्तींची भर पडत राहिली. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, शिलालेखात ‘तिरण्हु’. एकूण 24 लेणी. तिच्या पिशवीत वा. वि. मिराशींचं सातवाहन आणि क्षत्रपांच्या कोरीव लेखांवरचं जाडजूड पुस्तक होतं. आम्ही डबे आणलेले, हिनं पुस्तक! पण खरं सांगते, त्या दिवशीची मजा त्या पुस्तकानं आणली.

लेण्यांची तोंडं साधारण उत्तरेला. त्यामुळे संध्याकाळचं ऊन आत शिरत नाही, अंधार लवकर दाटतो. मोबाइलचा टॉर्च अक्षरांवर समोरून मारला की काही दिसत नाही. भिंतीला चिकटवून बाजूनं धरला की खोदलेल्या प्रत्येक रेघेत सावली पडते आणि अख्खी ओळ उठून येते. लिपी ब्राह्मी, आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. पण भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजी-पणजी. लायब्ररीवाली वाचायची आणि मध्येच एखादा शब्द ओळखीचा निघायचा. लेण्याला ‘लेण’च म्हटलंय. खोलीला ‘ओवरक’, म्हणजे आपली देवळातली ओवरी. आणि गावाचं नाव चक्क ‘नासिक’!

दहाव्या लेण्यात पोचलो. हे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. जावईबापूंनी दानाची यादी अशी लांबलचक कोरून घेतलीय की लग्नातला आहेर वाचून दाखवावा तसं वाटतं. पण त्यात एक हिशेब आहे. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजानं. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या 20 भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. बँकवाली, जी मघापासून गुडघे चोळत होती, ती ताडकन उभी राहिली. ‘महिन्याला 20, वर्षाला 240. वीस बारं 240! बरोब्बर आलं की गं!’ दोन हजार वर्षांपूर्वीचा ताळेबंद जुळल्याचा तिला इतका आनंद झाला की विचारू नका. गोवर्धन म्हणजे गंगापूरकडचंच गोवर्धन. तिची वहिनी तिथलीच!

जावयाची बायको मात्र थोडक्यात बोलते. दारावर एवढंच, की ही ओवरी दक्षमित्रेचं दान. राजाची मुलगी आणि उषवदाताची बायको, इतकी ओळख. याच लेण्याच्या अंगणातल्या भिंतीवर पुढच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक बाईनं वेगवेगळ्या श्रेणींकडे पैसे ठेवले. कुणाकडे, तर पाण्याची यंत्रं करणारे, तेल गाळणारे अशांकडे. कशासाठी? डोंगरावरच्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. आम्ही सगळ्या दोन मिनिटं गप्प. घरातल्या औषधपाण्याची तजवीज कुठल्या काळात कुणाला चुकलीय?

अठराव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, खांबावर भट्टपालिका भेटली. हिची ओळख वाचताना शिक्षिकेला हसू आवरेना. अमक्याची नात, तमक्या अधिकाऱ्याची मुलगी, राजाच्या भांडारातल्या अधिकाऱ्याची बायको आणि कपणणकाची आई! ‘अगं, ही लग्नपत्रिका आहे की शिलालेख?’ पण मग तीच म्हणाली, एवढी सगळी नाती सांगून शेवटी काम कुणी पुरं केलं ते लिहिलंय ना? भट्टपालिकेनं. विसाव्या लेण्यातही तेच. बोपकी नावाच्या भिक्खूनं काम सुरू केलं आणि ते कित्येक वर्षं अर्धवट पडून राहिलं. यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोपाची बायको वासु, हिनं ते पूर्ण करून घेतलं. अर्धवट पडलेली कामं शेवटी कुणाच्या गळ्यात येतात, यावर तिथे जी चर्चा झाली ती छापण्यासारखी नाही.

तिसरं लेणं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ओसरीखाली सहा दणकट गण, नुसते खांद्यापर्यंत जमिनीबाहेर, अख्ख्या ओसरीचा भार खांद्यावर घेतलेले. हे लेणं गौतमी बलश्रीचं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. ओसरीच्या भिंतीवर तिचा लांबच लांब लेख आहे. माझ्या मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्यानं शक-यवन-पहलवांना धूळ चारली, आईच्या सेवेत तो कधी चुकला नाही. ‘सगळ्या आया सारख्याच!’ कुणीतरी म्हणालं. नवऱ्याचं नाव मात्र अख्ख्या लेखात नाही. मुलगा गौतमीपुत्र, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. आईच्या नावानं ओळखली जाणारी ही माणसं. आपल्याकडे 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायला सुरुवात झाली, त्याचं आम्हाला केवढं कौतुक वाटलं होतं!

ताई तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, ‘हे लिहिलं तेव्हा मुलगा होता का गं तिचा?’

लायब्ररीवाली जरा थांबली. हा लेख नातवाच्या कारकिर्दीच्या 19 व्या वर्षीचा. बहुतेक अभ्यासकांच्या मते तेव्हा गौतमीपुत्र हयात नव्हता. याच ओसरीत त्याच्या हयातीतला एक हुकूमही आहे, कारकिर्दीच्या 24 व्या वर्षीचा, मायलेकांच्या नावानं काढलेला. भिक्खूंना दिलेलं शेत पडीक राहिलं होतं, ते गाव ओस पडलं होतं, म्हणून बदली जमीन द्या असं त्यात आहे. त्या हुकमात राजमातेला एक विशेषण लावलंय, ‘जीवसुता’. जिचा मुलगा जिवंत आहे अशी.

मोठ्या लेखात तो शब्द नाही.

ताईंनी टॉर्च घेतला, आधी त्या हुकमाच्या भिंतीवर धरला आणि मग मोठ्या लेखावर. बराच वेळ धरला. ‘आणि मग तिनं एवढं लेणं कोरून घेतलं,’ म्हणाल्या. आणि लगेच, ‘नातवानं काही केलं का आजीसाठी?’ केलं होतं. लेण्यातल्या चित्रकामासाठी एक गाव दिलं, आजीला आवडावं म्हणून. त्या लेखात आजीला ‘अयका’ म्हटलंय. ताई हसल्या. ‘माझा नातू आज्जू म्हणतो,’ म्हणाल्या. मुलगा गेल्यावर सून-नातवाचा विषय त्यांनी स्वतःहून काढल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

वॉचमनदादा शिट्टी वाजवायला लागले तेव्हा उतरलो. हायवेवर दिवे लागले होते, शहर खाली लुकलुकत होतं. ताई सगळ्यांत पुढे.

मैत्रिणींनो, तुम्ही जुन्नरला, कार्ल्याला किंवा कान्हेरीला गेलात तर तिथल्या भिंतींवरही दान देणाऱ्या बायकांची नावं आहेत. जाताना चांगली पकड असलेल्या चपला घाला, कोरीव अक्षरांना हात लावू नका आणि बरोबर एखादी पुस्तकवाली न्या. आमच्या बँकवालीनं तर पायथ्याशी चिवडा खातानाच विषय काढला, की भिशीतले थोडे पैसे असेच मुद्दल न मोडता ठेवायचे आणि व्याजातून कुणाचं तरी औषधपाणी करायचं. व्याजदर किती धरायचा, यावर अजून भांडण चालू आहे.