दर तासाला एक नोंद : बेन नेव्हिसची ओसाड वेधशाळा

स्कॉटलंडमधलं बेन नेव्हिस हे ब्रिटनचं सर्वांत उंच शिखर. उंची १,३४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून तीनशे मीटरने कमीच. पण अटलांटिकवरची वादळं थेट याच्या अंगावर येतात आणि माथ्यावरचं वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं. अशा जागी १८८३च्या ऑक्टोबरात लोकवर्गणीतून हवामानाची दगडी वेधशाळा सुरू झाली. १९०४मध्ये ती बंद पडली. आता तिथे पडक्या भिंती उरल्यात.

तिची पूर्वतयारी क्लेमेंट रॅग या हवामानवेड्या माणसाने केली. १८८१च्या उन्हाळ्यात तो रोज पहाटे फोर्ट विल्यमहून चढायला निघे, माथ्यावर नोंदी घेई आणि दुपारी परते. त्याच वेळी पायथ्याशी त्याची पत्नी नोंदी घेत असे. वर जाताना हवा कशी बदलते हे ताडायचं, तर दोन्हीकडचे आकडे एकाच वेळचे हवेत.

वेधशाळा झाल्यावर हे काम रात्रंदिवस, दर तासाला सुरू झालं. आपोआप नोंद करणारी उपकरणं तिथे कुचकामी ठरत, कारण धुक्याचा बर्फ होऊन तो सगळ्यावर चढे. त्यामुळे माणसालाच कंदील घेऊन बाहेर पडावं लागे. वारा फारच असेल, तर एकमेकांना दोर बांधून. हिवाळ्यात दार बर्फाखाली गाडलं जाई, म्हणून बाहेर पडण्यासाठी मुद्दाम मनोरा बांधला होता.

सरकारी मदत तुटपुंजी होती. खर्च झेपेना, म्हणून कुलूप लागलं. त्या दिवशीचा हिशेब मांडला असता, तर पदरात पडलेले दिसले असते ते आकड्यांचे जाडजूड खंड.

पण १८९४च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ तिथे बदली निरीक्षक म्हणून दोन आठवडे राहिला होता. ढगांवर पडलेल्या सावल्यांभोवतीची रंगीत वलयं पाहून तो भारावला आणि केंब्रिजला परतल्यावर काचेच्या भांड्यात ढग तयार करू लागला. त्यातूनच मेघकक्ष घडला. विद्युतभारित कणांच्या वाटा डोळ्यांना दाखवणाऱ्या या उपकरणासाठी विल्सनला १९२७चं नोबेल मिळालं. पुढे १९३२मध्ये कार्ल अँडरसनला पॉझिट्रॉन सापडला, तोही मेघकक्षातच.

ते खंडही वाया गेले नाहीत. २०१७मध्ये साडेतीन हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी तीन महिन्यांच्या आत माथ्यावरचे आणि फोर्ट विल्यमचे पंधरा लाखांवर आकडे संगणकात उतरवले. उपग्रहांच्या आधीची वादळं पुन्हा मांडून पाहायची, तर असेच आकडे हाताशी लागतात. रॅगला किंवा त्याच्यामागून आलेल्या निरीक्षकांना हा उपयोग ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं, की तास चुकू नये. म्हणूनच वेधशाळेचा खर्च फिटला की नाही, याचा निवाडा १९०४मध्ये करणं घाईचं होतं.