सायलेन्सरची पुंगळी आणि आपले आरोग्य

जव्हारच्या घाटात मोटारसायकल दिसण्याआधी ऐकू येते. हल्ली काही गाड्यांचा आवाज तर पलीकडच्या पाड्यापर्यंत जातो. ‘सायलेन्सरची पुंगळी काढली, आता गाडी जोरात पळते,’ असे तरुण मंडळी कौतुकाने सांगतात. वाचकहो, हा सायलेन्सर नेमके काय करतो ते आधी पाहू.

इंजिनात पेट्रोलचा भडका उडाला की तप्त वायू दाबाने बाहेर पडतात. ते धक्क्याधक्क्याने येतात आणि प्रत्येक धक्का म्हणजे एक लहानसा स्फोटच. सायलेन्सरमधील कप्प्यांत आणि भोके पाडलेल्या नळ्यांत हे धक्के विरून जातात. अलीकडच्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही असतो. तो विषारी कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये करतो. पुंगळी काढली की आवाज मोकाट सुटतो, कन्व्हर्टर काढला की विषही. इंजिनाची जुळणी मूळ सायलेन्सर धरून केलेली असते. त्यामुळे नुसती पुंगळी काढून ताकद फारशी वाढत नाही. वाढतो तो आवाज.

पहिला फटका चालवणाऱ्याच्याच कानाला बसतो. आतल्या कानात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. 85 डेसिबल आवाज दिवसाला 8 तासांपर्यंत चालतो, असे मानतात. पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला उरतात अवघी 15 मिनिटे! गाडीवरून उतरल्यावर कानात ‘कुंई’ असा आवाज येत राहिला, तर ती धोक्याची सूचना समजावी.

दुसरा धोका धुराचा. मोखाड्याच्या धुवाधार पावसात गाडी घरात घेतात आणि सकाळी तिथेच चालू करतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. गर्भवती स्त्रिया, अंगात रक्त कमी असलेले आणि सिकलसेलचे रुग्ण यांना धोका अधिक. म्हणून मूळ सायलेन्सर असला तरी बंद घरात इंजिन कधीही चालू करू नये. कोणी धुरात गुदमरले, तर त्याला मोकळ्या हवेत आणून तातडीने रुग्णालयात न्यावे.

तिसरा धोका भाजण्याचा. उतरताना लहान मुलांची पोटरी तापलेल्या नळीला लागते. अशा वेळी 20 मिनिटे थंड, वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, बर्फ लावू नये. फोड फोडू नये.

2019 च्या कायदादुरुस्तीनंतर अशा आवाजाला 10 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंड एकदा भरून संपतो; गेलेले ऐकू येणे मात्र परत मिळत नाही. काढलेली पुंगळी घरात पडली असेल, तर ती याच आठवड्यात पुन्हा बसवून घ्यावी.