झाकणावर पाणी की निखारे?

अकोले तालुक्यात डिसेंबरची थंडी बोचू लागली की घरोघरी हुलग्याच्या शेंगोळ्यांची आठवण निघते. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात, तेच आपले हुलगे. लसूण, मिरची, जिरे वाटून पिठात घालायचे, पीठ घट्ट मळायचे, तळहातावर लांबट वळून कडी करायची आणि फोडणीच्या आधणात सोडायची. सोबत भात लागत नाही, वेगळी भाजी लागत नाही. शंभर ग्रॅम हुलग्यांत वीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे वाटीभर शेंगोळे खाऊन निघालेल्या माणसाला दुपारपर्यंत भूक आठवत नाही. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूत रात्र काढणाऱ्यांनी सकाळची न्याहारी म्हणून हाच पदार्थ करावा, आणि तो बिडाच्या जड, झाकणाच्या भांड्यात करावा.

अशा भांड्याला जगभर ‘डच ओव्हन’ म्हणतात. जाड बूड, खाली तीन बुटके पाय, आणि निखारे घसरू नयेत म्हणून काठ उचललेले सपाट झाकण. इंग्लंडच्या अब्राहम डार्बीने १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि अशी भांडी सामान्य घरांना परवडू लागली. आपल्याकडे घावनांसाठी बिडाचा तवा वापरणाऱ्यांना या धातूचा स्वभाव चांगला ठाऊक असतो: तापायला उशीर, निवायलाही उशीर.

पण जड भांडे खूप उष्णता साठवते ही समजूत अर्धीच खरी. चार किलोचे बिडाचे भांडे एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात अर्धा लिटर पाणीही एक अंशाने तापत नाही. पाण्यापुढे लोखंड या बाबतीत फारच दुबळे. मग बिडाचा फायदा कुठे? पाणी शंभर अंशांवर अडते, बीड अडत नाही. कोरडे भांडे निखाऱ्यांवर २०० अंशांपर्यंत तापवून त्यात एक लिटर गार पाणी ओतले, तर खाली आणखी विस्तव नसतानाही ते पाणी ७५ अंशांच्या आसपास पोहोचू शकते. दुसरा फायदा चुलीवर दिसतो. लाकडाची आच कधी भडकते, कधी मंदावते. जाड बूड हे चढउतार पचवते आणि उष्णता पसरवून देते. शेंगोळ्यांचा रस पिठामुळे दाटत जातो, आणि दाट रस पातळ पातेल्यात एकाच जागी धरतो, करपतो. जाड बुडात त्याला तशी एकच तापलेली जागा मिळत नाही.

शेंगोळे एकेक करून सोडायचे, उकळी मोडू द्यायची नाही, हा घरातल्या मोठ्या बायकांचा दंडक आहे. त्यामागचे कारण पिष्टात आहे. कणीक उकळत्या पाण्यात पडताच तिच्या पृष्ठभागावरचे पिष्ट फुगते, चिकट होते आणि त्याची पातळ साल तयार होते. आतले पीठ त्या सालीत बंदिस्त राहते. अर्धा किलो मळलेले पीठ दीड लिटर आधणात एकदम घातले, तर पाण्याचे तापमान बारा-पंधरा अंशांनी उतरते, भांडे बिडाचे असले तरी. साल धरायच्या आधीच पीठ विरघळू लागते आणि शेंगोळ्यांऐवजी पिठले हाती येते.

आता झाकण. जड झाकण म्हणजे अर्धा प्रेशर कुकर, असे अनेकांना वाटते. हिशेब करून पाहू. २५ सेंटिमीटर व्यासाचे, तीन किलोचे झाकण आतल्या वाफेवर जेवढा दाब देते, त्याने उकळबिंदू एका अंशाच्या पाचव्या भागाइतकाही वाढत नाही. कुकरची शिटी दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा जादा दाब राखते. तेवढा दाब हवा असेल तर याच झाकणावर सुमारे ४९० किलो वजन ठेवावे लागेल! त्यामुळे उंचीवर जड झाकण मदतीला येत नाही. बारी गावातून चढून १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर गेलात, तर तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. अख्खे हुलगे तिथे शिजवायला बसाल तर इंधन संपेल. दळलेल्या हुलग्यांचे पीठ मात्र शिजते, कारण पिष्ट फुगायला त्याहून कमी तापमान पुरते.

जड झाकणाचे खरे काम वाफ अडवणे. पेलाभर पाणी वाफ होऊन उडून जाते, तेव्हा ते सव्वा लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता सोबत नेते. म्हणून आपल्याकडे वाफेवरच्या भाजीवर ताटली ठेवून तिच्यात पाणी ओततात. ताटलीची खालची बाजू थंड राहते, वाफ तिथे निवते आणि थेंब परत भाजीत पडतात. काही फ्रेंच भांड्यांच्या झाकणाला बर्फ ठेवण्यासाठी खोलगा असतो. युक्ती नेमकी हीच.

त्याच झाकणावर निखारे ठेवले की सगळे उलटते. झाकण शंभर अंशांच्या वर गेले की खालच्या बाजूला थेंब धरत नाहीत. वरून उष्णतेची प्रारणे पदार्थावर पडतात, पृष्ठभाग कोरडा होतो आणि १४० अंशांच्या पुढे प्रथिने व शर्करा एकमेकांशी अभिक्रिया करून खरपूस रंग आणि वास देतात. कोकणातले काकडीचे धोंडस वरखाली निखारे ठेवून होते ते यामुळेच. म्हणून शेंगोळे शिजेपर्यंत झाकणावर पाणी असावे, रस आटत आला की ते काढून शेवटची दहा मिनिटे निखारे. वरच्या थराला जी खमंग कड येते, ती नुसत्या उकळण्याने कधीच येणार नाही.

या निखाऱ्यांबाबत नंतर सावध राहावे. राख उष्णतेची मंदवाहक असल्याने तिच्याखाली विस्तव कित्येक तास जिवंत राहतो, आणि हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. जिथे परवानगी आहे तिथेच चूल मांडावी आणि राखेत पाणी ओतून ती हाताला गार लागेपर्यंत ढवळावी.

बिडाची आणखी एक देणगी आहे. शिजताना, विशेषतः चिंच किंवा टोमॅटो घातलेल्या पदार्थांत, थोडे लोह अन्नात उतरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. एका भांड्याने तो बरा होणार नाही, हुलग्यांतली टॅनिने लोहाचे शोषण अडवतातही. पण वर पिळलेल्या लिंबातले क जीवनसत्त्व त्या शोषणाला हात देते, म्हणून शेंगोळ्यांच्या ताटलीत लिंबाची फोड हवीच. उरलेले शेंगोळे मात्र भांड्यात ठेवू नयेत, धातूची चव उतरते. भांडे धुऊन लगेच चुलीवर कोरडे करावे आणि तेलाचा पातळ हात फिरवून पुन्हा तापवावे. तापलेल्या तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून बिडावर कडक काळा थर धरतात, आणि पुढच्या वेळी रस बुडाला कमी चिकटतो.