दुसरा दरवाजा

देवगिरी एक्स्प्रेसने परभणीहून मुंबईला लेकीकडे जाणं आम्हा दोघांच्या आता अंगवळणी पडलंय. या खेपेला मात्र तिने हट्टच धरला. ‘‘बाबा, शनिवारी रात्री तुम्हाला बार दाखवते. तुमच्या कादंबरीत आहे तसला नाही!’’

माझ्या कादंबरीतला बार म्हणजे बसस्टँडमागचा. हिरवा पडदा, लाल दिवा, पाटीवर ‘परमिट रूम’. मी कबूल झालो. सौ. म्हणाली, ‘‘मी नुसती बसते.’’

जागा लोअर परळची, एका जुन्या गिरणीच्या आवारातली. आमच्यासारख्या कापूसवाल्या मुलखाच्या जिवावर चाललेली मुंबई ती हीच. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. पुढे एकेक भोंगा बंद पडत गेला आणि आवारांत कचेऱ्या आल्या, हॉटेलं आली.

आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. बोलायचं तर समोरच्याच्या कानाला तोंड लावावं लागे. बारवाला पोरगा दोन्ही हातांत धातूचं भांडं धरून खांद्यावर असा घुसळत होता, की सौ.ला ताकाची आठवण झाली. माझ्या पुढ्यात व्हिस्की, चिंच आणि गूळ यांचं मिश्रण आलं, पेल्याच्या काठाला तिखट-मीठ. किंमत साडेनऊशे. चव छान होती, खोटं कशाला बोलू? तुम्हाला म्हणून सांगतो, १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून लागू आहे, पिणाऱ्याला परवाना लागतो. माझ्या खिशात तो होता. बँकेत जन्म गेलेला माणूस, कागद अपुरा ठेवत नाही. विचारला मात्र कोणी नाही.

‘‘अहो, मघापासून काय शोधायलात?’’ सौ.ने विचारलं.

मी दुसरा दरवाजा शोधत होतो.

ही खोड मानवतची. कर्ज दिलेल्या जिनिंगमध्ये गहाण मालाच्या तपासणीला जायचो. कापूस म्हणजे आगीचं माहेरघर. गाठी मोजायच्या आधी मी लाल बादल्या बघायचो. वाळूऐवजी त्यांत विड्यांची थोटकं सापडायची. मग गोदामाचं मागचं दार. ते हमखास गाठी रचून बंद केलेलं. ‘‘साहेब, जागाच नाही,’’ हे उत्तर ठरलेलं.

पण त्या रात्री मनात गोदाम नव्हतं. २९ डिसेंबर २०१७ होता. मध्यरात्रीनंतर कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, १४ माणसं गेली. बरीच जण धुरातून वाट न सापडून स्वच्छतागृहाकडे पळाली आणि तिथेच गुदमरली. सकाळी मेव्हण्याचा फोन आला, ‘‘पोरगी कुठंय?’’ ती आदल्या संध्याकाळी त्याच आवारात जेवायला जाणार होती, एवढंच आम्हाला ठाऊक. तिचा फोन बंद. दीड तास सौ. देवासमोर बसून होती आणि मी टीव्हीसमोर. कोणा मैत्रिणीची शेवटची लोकल चुकू नये म्हणून ती मंडळी साडेदहालाच निघाली होती. ती घरी झोपली होती, फोनची बॅटरी उतरली होती. त्या दीड तासाबद्दल आम्ही तिला कधी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री, एवढ्या गोंगाटात, सौ.नेच सांगितलं. लेक आधी हसली. मग गप्प झाली. उठून म्हणाली, ‘‘चला, दाखवते.’’

स्वयंपाकघराशेजारच्या बोळात दार होतं. त्याला टेकून सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट छातीएवढे रचलेले. भांडी धुणाऱ्या पोराला मी म्हटलं, ‘‘बाळा, हे हलव.’’ त्याने माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीने एक क्रेट स्वतःच उचलला. मी दुसऱ्याला हात घातला. पोरगा ओशाळून म्हणाला, ‘‘काका, राहू द्या, मी करतो.’’ कडी काढून पाहिली. बाहेर लोखंडी जिना होता.

परत आलो तेव्हा पेल्यातला बर्फ विरघळला होता. सौ.ने विचारलं, ‘‘सापडलं?’’